गर्भारपणातील मधुमेह: इन्सुलिन की मेटफॉर्मिन?

गर्भारपणात वारेतून (बाळाला आईशी जोडणाऱ्या प्लासेंटातून) स्रवणाऱ्या वाढ-संप्रेरकामुळे स्नायुपेशींतील इन्सुलिनचा संदेश मध्येच क्षीण होतो, साखर पेशीत नेणारी ग्लुट-४ ही वाहक प्रथिने पेशीपटलापर्यंत पुरेशी पोहोचत नाहीत आणि जेवणानंतरची साखर रक्तातच रेंगाळते. बाहेरून दिलेले इन्सुलिन ही उणीव थेट भरून काढते आणि वार ओलांडून बाळापर्यंत जवळपास जात नाही; मेटफॉर्मिनची गोळी मुख्यतः यकृतातील साखरनिर्मिती रोखते, सुई टाळते, आईचे वजनही कमी वाढू देते, परंतु वार सहज ओलांडते. २००८ साली प्रसिद्ध झालेल्या ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडमधील चाचणीत मेटफॉर्मिन घेणाऱ्या सुमारे ४६ टक्के स्त्रियांना पुढे इन्सुलिनही द्यावे लागले. म्हणून आहार-व्यायामाने साखर आटोक्यात येत नसेल, तर माझ्या मते पहिला मान इन्सुलिनचाच. मात्र त्याचा खर्च आणि थंड जागी साठवण ज्या घराला झेपत नाही, तिथे डॉक्टरांच्या देखरेखीखाली गोळी देणे रास्त ठरते.