इफ्लीचं सेंट मेरी चर्च: दक्षिणेचं दार आधी बघा

लेकाकडे नाहीतर लेकीकडे इंग्लंडला जाऊन येणारं एक तरी घर आमच्या बेळगावात टिळकवाडीच्या प्रत्येक गल्लीत आता सापडेल. लंडनचा राजवाडा, मेणाचे पुतळे, फार तर ऑक्सफर्डची कॉलेजं, एवढं बघून मंडळी परततात. खरं ऑक्सफर्डहून थेम्सच्या काठाकाठाने दोनेक मैल गेलं की इफ्ली गाव लागतं, आणि तिथे 1160 च्या सुमाराचं सेंट मेरीचं चर्च आहे. तिकीट नाही. जन्मभर बांधकामाची कंत्राटं घेतलेला माणूस आहे मी, देवळात गेलो तरी हात जोडायच्या आधी दगडाचे सांधे बघतो. तेव्हा हा रिव्ह्यू भाविकाचा समजू नका.

आपल्या कॅम्पातलं चर्चही सेंट मेरीचंच, पण ते गॉथिक, टोकदार कमानींचं. इफ्लीची मूळ इमारत त्या शैलीच्या आधीची, नॉर्मन. कमानी अर्धगोल. अशी कमान वरचा भार बाजूला फार रेटते, म्हणून भिंती जाड आणि खिडक्या लहान. लांबट एकच दालन, मध्ये चौकोनी बुरूज, पलीकडे गाभारा. बाजूला ओवऱ्या नाहीत, त्यामुळे आत शिरल्यावर नजर सरळ टोकाला जाते. गंमत पुढे आहे. 1230 च्या सुमाराला गाभारा पूर्वेकडे वाढवला, तोवर टोकदार कमानीचं तंत्र आलं होतं. बुरुजाखाली उभं राहून पूर्वेला बघा: आधी गोल कमानी, त्यांच्यावर करवतकाठी साडीच्या काठासारखी दातेरी नक्षी, आणि मागे एकदम हलक्या, टोकदार कमानी. सत्तर वर्षांत कारागिरी कुठून कुठे गेली ते एका नजरेत कळतं. आर्किटेक्चर शिकणाऱ्या पोरांना कॉलेजात एवढं कोण दाखवतं?

फोटो सगळे पश्चिमेच्या दाराचेच काढतात. दार आहेच तसं. एकात एक कमानी, दातेरी नक्षी, मग गोल पट्टीत चोची रुतवलेल्या मुंडक्यांच्या रांगा, आणि सगळ्यात बाहेर चक्क राशी! वरची गोल खिडकी मात्र 1856 सालची. मधल्या काळात तिथे दुसरीच मोठी खिडकी बसवली होती. जुन्या गोलाच्या खुणा भिंतीत सापडल्या म्हणून परत गोल केली. काम चोख आहे, पण नवं ते नवं. पाऊसवाऱ्याने इथली काही मुंडकी झिजलीत.

म्हणून म्हणतो, दक्षिणेच्या दाराशी जा. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत या दारापुढे मंडप होता. कित्येक वर्षं त्याने पाऊस अंगावर घेतला, आणि आतली घडाई वाचली. खांबाच्या माथ्यावर दोन घोडेस्वार एकमेकांवर तुटून पडलेत. जवळच अर्धा माणूस अर्धा घोडा असा प्राणी. एकीकडे बायबलातला बलदंड सॅमसन सिंहाशी झुंजतोय. कडा अजून धारदार. मी बराच वेळ तिथेच, तेव्हा आमची ही म्हणाली, "अहो, आत देव आहे, दारातच काय बसलाय?"

मला सारखं देगाव आठवत होतं. कित्तूरजवळचं कमलनारायण मंदिर 1174 चं, कदंब राजघराण्यातल्या कमलादेवी राणीने बांधवलेलं. म्हणजे दोन्ही कामं एकाच पिढीची. नाजूकपणात देगाव कितीतरी पुढे, हे मी कुणालाही तोंडावर सांगेन. पण इफ्लीचा दगड उघडा ठेवलाय. आमच्या तालुक्यातल्या एका देवळात जुन्या चौकटीवर चकचकीत ऑइलपेंट आणि गाभाऱ्याला बाथरूमच्या टाइल्स आहेत. पंचकमिटीला बोललो तर म्हणाले, धुवायला सोपं जातं की.

आत काळ्या दगडाचं बाप्तिस्म्याचं भलंमोठं कुंड आहे, बेल्जियमच्या तूर्नेहून आणलेलं. त्या काळात एवढं धूड समुद्रापलीकडून आणलं कसं, कंत्राटदाराला हाच प्रश्न पडणार. जॉन पायपर या इंग्रज चित्रकाराच्या चित्रावरून केलेली रंगीत काचेची खिडकी 1995 साली बसवली. पशुपक्षी, झाड, छान आहे. तेराव्या शतकात अॅनोरा नावाची मोठ्या घरची बाई चर्चला लागून असलेल्या खोलीत स्वतःला कोंडून घेऊन शेवटपर्यंत राहिली. राजा तिसरा हेन्री तिला सरपण पाठवायचा. थंडीत तिथे उभं राहिलं की सरपणाचं कारण कळतं.

पाचपैकी साडेचार. अर्धा कापला तो आतल्या अंधारासाठी, मोबाइलचा टॉर्च लावल्याशिवाय कुंडाचे खांब नीट दिसत नाहीत. दुपारी जा, ऊन दक्षिणेच्या दारावर असतं. पश्चिमेचं दार त्यानंतर, ऊन कललं की. आणि बरोबरच्यांना दगडांची आवड नसेल तर त्यांना आधी नदीवरच्या इफ्ली लॉकपाशी, म्हणजे दारं लावून पाण्याची पातळी वरखाली करतात त्या हौदापाशी, बसवा. बोटी वरखाली होताना बघण्यात त्यांचा तास सहज जातो.