ग्रिम बंधूंच्या ‘डॉइचे झागेन’मधल्या बायका: काही महिने वाचल्यानंतर

ग्रिम बंधूंच्या परीकथा आपल्याकडे घरोघरी माहीत आहेत. त्यांचा दंतकथांचा संग्रह ‘डॉइचे झागेन’ मात्र फारसं कुणी उघडत नाही. पहिला खंड १८१६चा, दुसरा १८१८चा. गेले कित्येक महिने रात्री झोपण्याआधी यातली एखादी कथा वाचते आहे, आणि यातल्या बायकांनी मला धरून ठेवलं आहे.

परीकथेत मुलीचे हाल झाले तरी शेवटी लग्न लागतं. दंतकथा गावाला, तळ्याला, कड्याला बांधलेली असते, आणि बाईचा निवाडाही तिथेच होतो. तोही बहुतेकदा सूत, भाकरी नाहीतर मूल यांवरून. ऑस्ट्रियातल्या इन्सब्रुकजवळची राक्षसीण फ्राउ (म्हणजे बाई) हिट चिखलात पडलेल्या आपल्या मुलाला भाकरीच्या मऊ चुऱ्याने पुसायला सांगते आणि वादळात तिचा दगड होतो. ओर्लाम्युंडेच्या विधवेची कथा तर वाचवत नाही. तिला ज्याच्याशी लग्न करायचं असतं तो अल्ब्रेख्त म्हणतो, चार डोळे आड येतात. ते आपल्या दोन मुलांचे, असं समजून ती मुलांचाच काटा काढते. पुढे पांढऱ्या वस्त्रातली बाई म्हणून तीच भटकते. ते वाक्य बोललेला पुरुष नाही भटकत, याचा मला अजून राग आहे.

सगळ्यात जास्त रमले ती फ्राउ होला या जर्मन लोककथांतल्या देवतेसारख्या बाईच्या कथांत. नाताळात ती फिरायला निघते, तेव्हा मुली कातायच्या काठीला भरपूर वाख गुंडाळून ठेवतात. ती खूश होऊन म्हणते, वाखाचे जितके केस तितकी चांगली वर्षं. तीन राजांच्या सणाला (६ जानेवारी) ती परत फिरते. तेव्हाही वाख उरलेला दिसला, तर तितकीच वाईट वर्षं! म्हणून आदल्या संध्याकाळी मुली न कातलेला वाख ओरबाडून काढतात. घरकामाचा केवढा धाक! पण हीच होला जर्मनीच्या हेसे प्रांतातल्या माइस्नर डोंगरावरच्या तळ्याची मालकीण आहे. तिच्या पाण्यात उतरलेल्या बायकांना मूल होतं, आणि जन्माला येणारी बाळंही तिथूनच येतात. तिच्यावर नवरा नाही, राजा नाही. इतकी स्वतंत्र बाई या संग्रहात मला क्वचितच भेटली.

दुसऱ्या खंडात ११४०चा वाइन्सबर्गचा वेढा आहे. वेढा घालणारा जर्मन राजा तिसरा कोन्राड गडावरच्या बायकांना पाठीवर पेलेल ते घेऊन जायची मुभा देतो, आणि त्या नवऱ्यांना पाठीवर घेऊन गड उतरतात. कथा त्यांच्या पतिनिष्ठेचे गोडवे गाते. मला दिसते ती त्यांची अक्कल: राजाचा शब्द नेमका धरून त्यांनी त्यालाच बांधून घातलं.

एक उणीव सांगायलाच हवी. बराच मजकूर पुरुषांनी लिहिलेल्या जुन्या बखरींतून आला आहे, त्यामुळे बायका स्वतः फार कमी बोलतात. काही कथा चारच ओळींत संपतात.

जर्मन येत नसेल तर डोनाल्ड वॉर्ड यांचा १९८१चा इंग्रजी अनुवाद शोधा. सलग वाचू नका, कंटाळा येईल. होलापासून सुरुवात करा आणि मग थेट वाइन्सबर्गला जा.