शब्दपत्ते, गोष्ट की मासळी बाजार? पहिली-दुसरीच्या मुलांना शब्द शिकवताना

जूनमध्ये पहिलीचा किंवा दुसरीचा वर्ग हाती आला की वेळापत्रकातून निव्वळ शब्दांसाठी फार तर वीस मिनिटं निघतात. घरी शिकवणाऱ्या आईबाबांचंही तेच, आणि नेहमीची लोकल चुकली तर तीही वीस मिनिटं गेली. एवढ्या वेळात शब्दपत्ते दाखवायचे, गोष्ट वाचून दाखवायची, की मुलांना घेऊन बाहेर पडायचं? मुंबईत मराठी शिकवताना मी हे तिन्ही केलं आहे. माझा कौल गोष्टीला आहे. पण तो प्रत्येक मुलाला लागू पडत नाही, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

बहुतेक जण सुरुवात शब्दपत्त्यांपासून करतात आणि त्यात चूक काहीच नाही. जुन्या लग्नपत्रिकांच्या कोऱ्या बाजू, एक स्केचपेन आणि रबरबँड एवढंच सामान लागतं. पुढे चित्र, मागे शब्द. उजळणीला याच्याइतकं सोयीचं दुसरं काही नाही. सेबास्टियन लाइटनर यांनी १९७०च्या दशकात लोकप्रिय केलेली डब्यांची रीत पहिलीतही चालते. तीन डबे घ्यायचे. ओळखलेला पत्ता पुढच्या डब्यात जातो, चुकलेला पुन्हा पहिल्यात येतो. पहिला डबा रोज काढायचा, दुसरा एक दिवसाआड, तिसरा शनिवारी. विसरायच्या बेतात असलेला शब्द मुलाला आठवावा लागतो आणि त्या धडपडीतच तो पक्का होतो.

ज्यांच्या घरी मराठी बोलत नाहीत अशा मुलांसाठी तर मी पत्त्यांनाच पहिला नंबर देते. २०२०च्या कायद्याने राज्यातल्या सगळ्या माध्यमांच्या शाळांत मराठी सक्तीची झाली आणि मुंबई महापालिकेच्याच शाळा आठ माध्यमांत चालतात. तिथे ‘उशी’, ‘बादली’, ‘कपाट’पासून सुरुवात करावी लागते. हिंदी बोलणाऱ्या मुलाची अडचण आणखी निराळी असते. शब्द त्याला ओळखीचा वाटतो आणि अर्थ भलताच निघतो. त्याच्या घरी ‘शिक्षा’ म्हणजे शिक्षण, ‘चेष्टा’ म्हणजे प्रयत्न आणि ‘राग’ म्हटलं की आधी गाण्यातला. असे फसवे शब्द मी वेगळ्या रंगाच्या पत्त्यांवर लिहिते आणि ते चारचौघांत नव्हे, त्या मुलाला जवळ बसवून घेते.

पत्ते अडतात ते पुढच्या शब्दांवर. एका वर्षी मी ‘हिरमुसणे’चा पत्ता केला होता. त्यावर खाली मान घातलेल्या मुलीचं चित्र काढलं होतं. वर्गातून उत्तरं आली: रडणारी, झोपलेली, आजारी, ओरडा खाल्लेली. चित्रात खाली गेलेली मान दिसते. तिला काय हवं होतं आणि काय मिळालं नाही, ते दिसत नाही. ‘हिरमुसणे म्हणजे खिन्न होणे’ असं सांगावं तर एका अनोळखी शब्दाच्या जागी दुसरा आला. मग परीक्षेत ‘वाक्यात उपयोग करा’ आलं की मुलं ‘मला अमुक आवडते’ या साच्यात काहीही बसवतात. ‘मला कुतूहल आवडते.’ वाक्यात व्याकरणाची चूक नाही, पण शब्द मुलाच्या हाती लागलेला नाही.

कोणत्या शब्दांवर मेहनत घ्यायची, हे ठरवताना इझाबेल बेक आणि मार्गारेट मॅकीओन या अमेरिकी संशोधकांनी मांडलेल्या तीन पायऱ्या मला फार उपयोगी पडल्या. पहिल्या पायरीवर घरच्या बोलण्यातून आपसूक येणारे शब्द असतात: पाणी, धावणे, आजी. तिसरीवर त्या त्या विषयाचे: बाष्पीभवन, द्वीपकल्प. ते त्या धड्यापाशीच शिकवावेत. मधल्या पायरीवर न्याहाळणे, नाइलाज, ओसाड, चिवट, हिरमुसणे असे शब्द येतात. पुस्तकात ते पदोपदी भेटतात, पण जेवताना घरात कोणी ते मुद्दाम बोलत नाही. शिकवण्याचा जोर या मधल्या शब्दांवर हवा, असं त्या म्हणतात आणि मला ते पूर्ण पटतं. या शब्दांना गोष्टच लागते.

मी आठवड्याला एक गोष्ट घेते आणि तिच्यातले चारच शब्द निवडते. वाचताना शब्द आला की एका वाक्यात अर्थ सांगून पुढे जायचं, गोष्ट अडवायची नाही. समजा, एक मुलगी बादली-फावडं घेऊन जुहूला गेली, तर भरती आलेली आणि किल्ल्याला वाळूच उरली नाही. ती हिरमुसली. ‘मनात खूप धरलेलं घडलं नाही, की चेहरा उतरतो आणि बोलावंसं वाटत नाही, तसं झालं तिला.’ खरं शिकवणं गोष्ट संपल्यावर सुरू होतं. राणीच्या बागेत पेंग्विन बघायला गेलात आणि फाटकावर कळलं की बाग बुधवारी बंद असते, तर हिरमुसाल का? गुडघा फुटला तर त्याला हिरमुसणं म्हणायचं का? मोठी माणसं हिरमुसतात का? मग शेजारच्याला आपली आठवण सांगायची. यावर एका मुलीने सांगितलं होतं, ‘गणपतीत गावचं तिकीट कन्फर्म झालं नाही, तेव्हा आमचं अख्खं घर हिरमुसलं.’ त्या वाक्यानंतर मला तो शब्द पुन्हा समजावून सांगावा लागला नाही.

आता आकडे बघा. रोज पाच पत्ते, आठवड्याचे सहा दिवस आणि पस्तीस आठवडे धरले, तर कागदावर १,०५० शब्द होतात. गोष्टींचे होतात १४०. अहवालात पहिला आकडा उठून दिसतो. तरीही मी १४० घेईन. त्यांच्याबरोबर न शिकवलेले शेकडो शब्द कानावरून जातात, निरनिराळ्या वाक्यांत पुन्हा भेटतात आणि मुलांचा बराचसा शब्दसाठा असाच वाढतो.

पुस्तक मात्र मुलांना स्वतः वाचता येईल त्याहून थोडं वरचं घ्या. या वयात कान डोळ्यांच्या पुढे असतात. अक्षरओळखीसाठी लिहिलेल्या दोन-दोन शब्दांच्या पाठांत मधल्या पायरीचे शब्द सापडतच नाहीत. प्रथम बुक्सने २०१५ मध्ये सुरू केलेल्या स्टोरीवीव्हर या संकेतस्थळावर मराठी गोष्टी मोफत मिळतात आणि छापूनही घेता येतात.

गोष्टीलाही मर्यादा आहेत. चाळीसच्या वर्गात तेच पाच हात वर येतात. जोडीने बोलायला लावलं नाही तर बाकीचे पस्तीस नुसते ऐकत बसतात. तयारी आदल्या रात्री करावी लागते. आणि ज्याला निम्मी वाक्यंच कळत नाहीत, ते मूल तिसऱ्या पानावर खिडकीबाहेर बघू लागतं. त्याला आधी पत्ते किंवा प्रत्यक्ष वस्तूच हव्यात.

वस्तूंवरून शिकवणं आपल्याकडे नवं नाही. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डी-कोसबाडला बालशिक्षण परिसरातल्या साध्या वस्तूंवरच उभं केलं. मुंबईत त्यासाठी माझी आवडती जागा म्हणजे मासळी बाजार. खवले, कल्ले, पर, काटा, वाटा, बुळबुळीत, चकचकीत, शिळं हे सगळे शब्द बोटाला लागतात, नाकात जातात. वर्गात गप्प असणारी कोळीवाड्यातली एक मुलगी तिथे आमची बाई झाली. मांदेली आणि बोंबील कसे ओळखायचे, ते तिने मला शिकवलं. पण चाळीस मुलांना रस्ता ओलांडून नेणं, परवानगी, पालकांच्या सह्या हे सगळं रोज जमत नाही. पालकांना मात्र हे रविवारी सहज जमतं आणि एकाच मुलासाठी याहून चांगला मार्ग मला माहीत नाही. शाळेला महिन्यातून एकदा पुरे. पावसाळ्यात खिडकीही चालते: रिपरिप, सर, झड, पागोळ्या, कुबट.

मोबाइलच्या ॲपवर मूल चित्रावर बोट ठेवतं, तोंड उघडत नाही. ज्या घरी मराठी उच्चार ऐकवणारं कोणी नाही, तिथे दहा मिनिटं ठीक. शिकवण्याचं मुख्य साधन म्हणून मी ते घेणार नाही.

दुसरीच्या दिवाळीनंतर एक भर जरूर घाला, ती म्हणजे शब्दांची कुटुंबं. ‘पाणी’ फळ्यावर लिहा आणि पाणवठा, पाणथळ, पाणपोई, पाणबुडी, पाणकोंबडी जोडत जा. ‘पाण’ हा तुकडा एकदा ओळखीचा झाला, की कधीच न ऐकलेल्या ‘पाणचक्की’चा अर्थही मुलं स्वतः सांगतात.

थोडक्यात निवड अशी करा. घरी मराठी असेल, तर आठवड्याचे चार दिवस गोष्ट, एक दिवस जुन्या गोष्टींतल्या शब्दांची पत्त्यांवर उजळणी आणि शनिवार शब्दांच्या कुटुंबांना किंवा फेरीला. घरी मराठी नसेल, तर पहिले तीन महिने पत्ते आणि वस्तू, सोबत भरपूर चित्रांची छोटी गोष्ट, आणि गणपतीनंतर हळूहळू अदलाबदल. काय जमलं हे तपासायला प्रश्नपत्रिका काढू नका. मधल्या सुट्टीत डबा खाताना मुलांच्या जवळ बसा. आपण शिकवलेला एखादा शब्द कोणी न विचारता बोललं, की वहीत तारखेसह त्या मुलाच्या नावापुढे लिहून ठेवा. महिनाभर एखादं पान कोरंच राहिलं, तर त्या मुलाला पुढच्या गोष्टीला अगदी तुमच्याजवळ बसवा आणि पहिला प्रश्न त्यालाच विचारा.