सनबर्स्टच्या नादात साडेअकरा हजार गेले, किट गिटार घेणाऱ्यांनी एकदा वाचा

लातूरला माझं मोबाईल रिपेअरिंगचं छोटं दुकान आहे. दिवसातून दोनदा तरी कुण्या मावशीला सांगत असतो की ती लिंक उघडू नका, पैसे यायला पिन लागत नसतो. आन् तोच मी फसलो, त्यामुळं लिहायला लाज वाटायली खरं, पण आमच्या वाजवायच्या पार्टीतला कीबोर्डवाला म्हणला लिहीच, तसलीच जाहिरात त्याच्या भाच्याला दिसायली.

लग्न, वाढदिवस, जयंती, असल्या कार्यक्रमात मी गिटार वाजवतो, ती पण दुसऱ्याची. स्वतःची घ्यायची तर सनबर्स्ट रंगाचीच घ्यायची हे डोक्यात फिट होतं. मधी मधासारखं पिवळं, मग लाल, आन् कडेला जाता जाता काळपट तपकिरी. 1958 ते 1960 च्या लेस पॉल नावाच्या गिटारी ज्यांनी फोटोत बघितल्यात त्यांना हा आजार कळंल. त्यातल्या बऱ्याच गिटारींचा लाल रंग उन्हानं उडून गेला तरी त्या कोटीच्या घरात विकतात, आमच्याकडं उन्हानं पत्रा उडाला तर कुणी विचारत नाही. असो.

तसली तयार गिटार आपल्या खिशाबाहेरची, म्हणून किट घ्यायचं ठरवलं. किट म्हणजे कोरी बॉडी, नेक म्हणजे लांब दांडी, पिकअप म्हणजे तारांचा आवाज पकडणारा भाग, वायर, सगळं सुटं येतं, जोडायचं आन् रंगवायचं आपण. सोल्डरिंग तर माझा रोजचा धंदा, रंगाचं तेवढं शिकू म्हणलं.

मोबाईलवर एक पेज सापडलं. 'महोगनी बॉडी, फ्लेम मेपल टॉप', म्हणजे वर पट्ट्याचं मेपल लाकूड, आन् वाघाच्या अंगावर असतात तसे पट्टे असलेला फोटो. साडेअकरा हजार, सगळे आधी. माणूस हिंदीत लई गोड बोलायचा, फोन उचलला की "हां भैया". आता मागं वळून बघितलं की कळतं, फोटो तेवढे तो मेसेजवर पाठवायचा, बाकी काही विचारलं की लगेच फोन करायचा, लिहून एक अक्षर द्यायचा नाही. मला वाटलं, बघा किती मोकळा माणूस आहे.

मे महिन्यात पैसे टाकले, जूनच्या दुसऱ्या आठवड्यात पार्सल आलं. उघडताना व्हिडिओ काढला नाही, ही पहिली चूक. बॉडी दिसायला मस्त, पट्टे एकदम झकास, पिकअपच्या खड्ड्यात काळा रंग मारलेला. चांगल्या गिटारीत तसा शिल्डिंगचा रंग असतो, हमिंग कमी करणारा, म्हणून मी तर खूशच झालो.

पट्ट्याच्या मेपलवर बर्स्ट करायची एक पद्धत आहे. आधी गडद डाय लावायचा, तो पट्ट्यात मुरतो, मग हलकं घासून वरचा काढायचा म्हणजे पट्टे उठून दिसतात, आन् त्याच्यावर पिवळा, लाल, कडेला तपकिरी असं चढवत जायचं. मी स्पिरिटमधी कालवलेला तपकिरी डाय फडक्यानं लावला तर मुरायचं नाव नाही. अळवावरचं पाणी बघा, तसे थेंब होऊन नुसते इकडून तिकडं पळायले.

पेजवाल्याला फोटो टाकला. दोन मिनिटात फोन, "भैया वो सीलर है, दो सौ चालीस से रगडो, सब निकल जाएगा."

सीलर म्हणजे लाकडाची छिद्रं बंद करणारा थर, तो असतो खरा, बऱ्याच किटला कारखान्यातूनच मारून येतो, आन् तो घासल्याशिवाय डाय धरत नाही. म्हणून मला शंकाच आली नाही. 240 नंबरचा पॉलिश पेपर लाकडाच्या ठोकळ्याला गुंडाळला आन् दुकान बंद केल्यावर रात्री घासत बसलो. पाच-सात मिनिटं झाली असतील, बॉडीच्या वरच्या शिंगासारख्या टोकापाशी पट्टे फिके व्हायले, मग गेलेच, आन् त्याच्या खालून पांढरट लवलवीत काहीतरी निघालं, नखानं खरडलं तर लग्नपत्रिकेचा कागद भिजल्यावर सुटतो तसं सुटायलं. लाकूड नव्हतंच ते. कागदावर छापलेला लाकडाचा फोटो चिकटवलेला होता.

सकाळी शेजारचे पॉलिशवाले मामा आले. त्यांची सगळी हयात फर्निचरच्या पॉलिशमधी गेलेली. त्यांनी काही न बोलता चिंधीला थिनर लावून कडेला एक हात मारला, चिंधीवर पट्ट्याचाच रंग उतरला. "भाच्या, मेपलचे पट्टे चिंधीला येत नसतेत," एवढंच म्हणाले आन् चहा प्यायले.

मग मला त्या खड्ड्यातल्या काळ्या रंगाची आठवण झाली. शिल्डिंगच्या रंगातून करंट जातो. मल्टीमीटर ओहमवर लावून दोन्ही टोकं टेकवली, काहीच रीडिंग नाही. दुसरीकडं टेकवली, तिकडं पण नाही. स्क्रू-ड्रायव्हरनं खरवडलं तर आत खारी बिस्किटासारखे थर, साधा प्लायवूड. म्हणजे काळा रंग कशासाठी मारला होता ते आता कळालं. मल्टीमीटर दिवसभर हाताशी असतो माझ्या, पहिल्याच दिवशी टेकवला असता तर गिटार जशीच्या तशी डब्यात गेली असती, ह्याचं जास्त वाईट वाटतं.

किटवर पातळ विनीअर असतं ह्यात फसवणूक नाही हां, ह्या भावात अख्खा मेपलचा टॉप कुणी देत नाही, मिलिमीटरपेक्षा पातळ पापुद्रा असतो आन् तोही जास्त घासला तर फाटतो. पण ते लाकूड असतं. ओळखायला सोपं आहे, बॉडी उजेडात हळूहळू तिरपी करायची. खऱ्या फ्लेमचे पट्टे हलतात, काळा दिसणारा पट्टा उजळ होतो आन् उजळ असलेला काळा, पैठणीचा पदर हलवल्यावर कसं होतं तसं. छापलेला पट्टा मेल्यासारखा जागेवर पडून राहतो. पैसे टाकायच्या आधी असा व्हिडिओ मागा, आन् पिकअपचा खड्डा आन् नेक बसतो ती खाच, ह्यांचे जवळून फोटो मागा. टाळाटाळ केली की समजून जायचं.

तर मी त्याला फोन केला. तोच गोड आवाज, "सँड किया हुआ माल वापस नहीं होता भैया." म्हणलं तुम्हीच सांगितलं ना घासायला? "मैंने कब बोला, दिखाओ." दाखवू काय, सगळं फोनवर बोललेलं. आपलाच पुरावा त्यानं आपल्याच हातानं घासून काढला.

चार दिवसांनी दुसऱ्याच नंबरवरनं फोन, आम्ही रिफंड डिपार्टमेंट, हा क्यूआर स्कॅन करा, पिन टाका, साडेअकरा हजार जमा होतील. तिथं मात्र दुकानदार जागा झाला. त्याला जे ऐकवलं ते इथं लिहिता येत नाही, आन् तो नंबर 1930 ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या हेल्पलाईनला, कळवला.

मूळ पैशासाठी 1915 ला, म्हणजे ग्राहक हेल्पलाईनला, तक्रार दिली, नंबर मिळाला, पण पेजवाल्याचं बिल नाही, जीएसटी नाही, पैसे गेले ते कुण्या बाईच्या नावच्या खात्यात, त्यामुळं तिथनं पुढं काही हललं नाही. आता जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार टाकायचं चाललंय. पाच लाखापर्यंतच्या मालाला तिथं फी लागत नाही आन् आपण राहतो त्या जिल्ह्यात करता येते, हे मला आधी माहीतच नव्हतं. घरचे म्हणतात साडेअकरा हजारासाठी कशाला हेलपाटे. बघू.

बॉडीवरचा कागद मामांनी सगळा सोलला, लांबी भरली आन् गनवर काळा कुळकुळीत रंग मारून दिला. वाजते बरी, नेक काही वाईट नव्हता, खोटं कशाला बोलू.

डायच्या बाटल्या उरल्या होत्या. महालक्ष्म्यांच्या आधी आईनं सागवानी चौरंग पॉलिशला काढला तेव्हा मामा म्हणले आण ती तुझी रंगपंचमी. आधी अख्ख्या फळीला पिवळा दिला, कडेनं लाल फिरवला, शेवटी काठाला तपकिरी, आन् जिथं दोन रंग भेटतात तिथं नुसत्या स्पिरिटची ओली चिंधी गोल गोल फिरवत राहिले, तर रेघ कुठं संपली तेच कळंना. लॅकर मारायला मात्र चार दिवस थांबले, दमट हवेत मारला की पांढरी साय धरते म्हणाले, चांगलं ऊन पडलं तेव्हा हात दिला.

काळी गिटार दुकानात खिळ्याला टांगलेली असते. सनबर्स्ट बघायचा असंल तर आईला विचारून देवघरात जावं लागतं.