एनपीटेलचा सत्रभराचा अनुभव: सगळे अडते ते शंकेपाशी

ऑनलाइन शिक्षण आपल्याला मानवते का, हे व्हिडिओ पाहून ठरवू नये, असे एका पूर्ण सत्राच्या वापरानंतर माझे ठाम मत झाले आहे. मी कोल्हापुरात बी.एस्सी. करते, राहते शिरोलीत, आणि एनपीटेलवरचा (आयआयटी व आयआयएस्सीच्या प्राध्यापकांचे ऑनलाइन अभ्यासक्रम देणारा सरकारी उपक्रम) संभाव्यता व संख्याशास्त्राचा १२ आठवड्यांचा अभ्यासक्रम नुकताच पूर्ण केला. त्याआधी एका खासगी ॲपचे वार्षिक सदस्यत्व घेतले होते. वर्ष संपताच नूतनीकरणाची रक्कम वडिलांच्या खात्यातून परस्पर वळती झाली, ती परत मागताना प्रत्येक तक्रारीला तेच साचेबंद उत्तर आले, आणि त्या संतापातच हा अनुभव सविस्तर लिहायला घेतला.

त्या ॲपवर शिकवणे वाईट नव्हते. पण थेट तासात शेकडो मुलांचे संदेश एकाच वेळी येत, त्यात आपला प्रश्न क्षणात वर सरकून नाहीसा होई, आणि तास संपला की शंकाही तशीच राही. पैसे मोजून घेतलेल्या शिकवणीत प्रश्न विचारायला जागा नसावी, हे मला आजही पटत नाही.

एनपीटेलची रचना बहुतेकांना ठाऊक असेल. व्हिडिओ आणि नोंदणी मोफत आहे. प्रमाणपत्र हवे असेल तर परीक्षेचे १,००० रुपये भरायचे, अनुसूचित जाती-जमाती व दिव्यांग विद्यार्थ्यांना ते ५०० रुपये. दर आठवड्याच्या स्वाध्यायांपैकी सर्वोत्तम ८ धरून २५ गुण, आणि प्रत्यक्ष केंद्रावर जाऊन दिलेल्या परीक्षेचे ७५ गुण. इथेही सुरुवातीला माझी तक्रार तीच होती. शंका चर्चामंचावर लिहायची आणि उत्तराची वाट पाहायची. कधी दुसऱ्या दिवशी उत्तर येई, कधी त्याहून उशिरा. वर्गात हात वर केला की मॅडम फळ्याकडे वळतात, त्या सवयीला हे फार जड जाते.

माझे मत बदलले ते सशर्त संभाव्यतेच्या (एक गोष्ट घडली हे कळल्यावर दुसरीची शक्यता किती, याच्या) आठवड्यात. वडील फाउंड्रीत तपासणी विभागात आहेत, म्हणून मी मंचावरचा प्रश्न त्यांच्या कामाच्या भाषेत मांडायला घेतला: १०,००० कास्टिंगपैकी (धातू ओतून बनवलेल्या नगांपैकी) १०० सदोष आहेत, यंत्र ९९ टक्के वेळा अचूक निर्णय देते, मग यंत्राने नाकारलेला नग खरोखर सदोष असण्याची शक्यता ९९ टक्केच का नाही? दुसऱ्या कोणाला समजावे म्हणून आकडे पूर्ण लिहावे लागले. सदोष १०० पैकी ९९ नाकारले जाणार, आणि चांगल्या ९,९०० पैकीही १ टक्का, म्हणजे पुन्हा ९९च नाकारले जाणार. नाकारलेले एकूण १९८, त्यांतले निम्मेच सदोष. प्रश्न पाठवण्याआधीच उत्तर कागदावर उतरले होते, आणि तो आनंद मला वर्गात क्वचितच मिळाला आहे. वडिलांना दाखवले तेव्हा ते म्हणाले, “म्हणूनच आम्ही रिजेक्ट माल पुन्हा बघतो.”

त्यामुळे आता कोणी मैत्रीण विचारते तेव्हा मी तिचे इंटरनेट कसे आहे हे विचारत नाही (व्हिडिओ उतरवून घेता येतात, व्याख्यानांची लिखित प्रतही मिळते, डेटाचा खर्च आटोक्यात राहतो). मी विचारते की आपले नेमके काय अडले आहे हे तुला चार ओळींत लिहिता येते का, आणि उत्तर येईपर्यंत तू पुढचे उदाहरण हाती घेशील का. ज्याला शंका समोरासमोर बोलतानाच सापडते, त्याने राजारामपुरीतल्या एखाद्या शिकवणीची फी भरणेच स्वस्त पडेल, असे मी मनापासून सांगते. रसायनशास्त्राच्या प्रात्यक्षिकासारख्या विषयाला तर प्रयोगशाळेला पर्याय नाहीच.

तरीही उशिरा येणारी उत्तरे हा दोष मी माफ करणार नाही. बुधवारी रात्री स्वाध्यायाची मुदत संपते आणि गुरुवारी शंकेचे उत्तर येते, तेव्हा ते त्या आठवड्याच्या गुणांसाठी निरुपयोगी असते. स्वाध्यायाशी संबंधित प्रश्नांना मुदतीआधी उत्तर देण्याचा नियम व्हायलाच हवा.

ज्यांचे अजून ठरत नाही त्यांनी एवढे करावे: अभ्यासक्रम सुरू झाल्यावरही परीक्षेचे शुल्क भरायला काही आठवडे मिळतात. तेवढ्या काळात सुरुवातीचे स्वाध्याय स्वतः सोडवावेत, मंचावर एक तरी शंका नीट लिहावी, आणि मगच १,००० रुपये भरावेत.