भाडं चालू आहे म्हणून घेतलेल्या खोल्या

उद्यमबागेतले कामगार आणि कॉलेजची मुलं यांच्यामुळे बेळगावच्या आसपास माच्छे, पिरनवाडी, कंग्राळीकडे स्वस्त खोल्यांना भाडेकरू मिळतो, हे खरंच आहे. म्हणून तर पेन्शन घेऊन आलेला फौजी किंवा सोनं मोडून पैसे उभे केलेली बाई चालू भाड्याच्या खोल्या विकण्याच्या या फसव्या व्यवहारात सहज ओढली जाते.

व्यवहार साधारण असा असतो. शेताच्या कडेला पत्र्याच्या तीन खोल्यांची लाइन. भाडेकरू आधीच राहतात, प्रत्येकी ३,५०० रुपये भाडं, किंमत नऊ लाख. म्हणजे वर्षाला १,२६,००० रुपये, १४ टक्के. कागद चोख असलेलं घर भाड्यातून याच्या जवळपासही देत नाही, त्यामुळे खरं तर या आकड्यालाच थांबायला हवं. पण एजंट म्हणतो, “काका, ई-खाता व्हायचाय, तोवर रजिस्ट्री होत नाही. आता बाँडवर करार आणि वटमुखत्यारपत्र करू, भाडं उद्यापासून तुमचं.” (ई-खाता म्हणजे पंचायतीच्या किंवा पालिकेच्या दप्तरातली मालमत्तेची ऑनलाइन नोंद, बाँड म्हणजे स्टँप पेपर, आणि वटमुखत्यारपत्र म्हणजे मालकाच्या वतीनं व्यवहार करायचा अधिकार देणारा कागद.) भाडं येतंही. सहा महिन्यांत ६३,००० रुपये हातात पडतात आणि संशय विरतो. ते पैसे एजंटनं खरेदीदाराच्याच नऊ लाखांतून दिलेले असतात. पुढं खोल्या रिकाम्या होतात, कारण भाडेकरूही त्यानंच आणून बसवलेले. मग त्याच खोल्यांचा बाँड घेऊन दुसरा माणूस दारात उभा राहतो.

नोटरीचा शिक्का म्हणजे मालकी नव्हे. संपत्ती हस्तांतरण कायद्याच्या कलम ५४ नुसार १०० रुपये किंवा त्याहून जास्त किमतीच्या स्थावर मालमत्तेची विक्री नोंदणीकृत दस्तानंच होते. करार आणि वटमुखत्यारपत्रावर मालकी मिळत नाही, हे सर्वोच्च न्यायालयानं २०११ मध्ये सूरज लॅम्प खटल्यात स्पष्ट केलं आहे. घरपट्टीची पावती आणि लाइटबिल नावावर झालं, तरी त्यानं मालकी ठरत नाही.

‘ई-खाता व्हायचाय’ या वाक्यामागं बहुतेक वेळा एकच कारण असतं: जमीन अजून शेतीची आहे. कर्नाटक जमीन महसूल कायद्याच्या कलम ९५ खाली बिगरशेती झालेली नाही, लेआउट मंजूर नाही, गुंठ्यागुंठ्यानं तुकडे पाडून विकलेत. अशा जागेचा ई-खाता बहुतेकदा अडकतो. पंचायत हद्दीत ई-स्वत्तूचा, म्हणजे ग्रामपंचायतीच्या ऑनलाइन मालमत्ता नोंदीचा, फॉर्म ९ मागा. तो नसेल तर सौदा तिथंच सोडा, कितीही स्वस्त असला तरी.

सर्व्हे नंबर आणि हिस्सा घेऊन ‘भूमी’ या कर्नाटकच्या जमीन नोंदींच्या संकेतस्थळावरून उतारा स्वतः काढा, एजंटनं दिलेली झेरॉक्स चालणार नाही. रकाना ९ मध्ये मालकांची नावं असतात. पाच भावांची नावं असताना एकच सही करत असेल तर बाकी चौघांचा हिस्सा तसाच उभा आहे. वडिलोपार्जित जमीन असेल तर बहिणींचाही हक्क येतो, त्यांची नोंदणीकृत हक्कसोड लागते. रकाना ११ मध्ये बँकेचा किंवा सोसायटीचा बोजा दिसतो. अनुसूचित जाती-जमातीला सरकारनं दिलेली जमीन असेल, तर १९७८ च्या कायद्यानं सरकारच्या परवानगीशिवाय विक्रीच चालत नाही.

मग ‘कावेरी’ या दस्त नोंदणीच्या संकेतस्थळावरून ३० वर्षांची ईसी, म्हणजे त्या जागेच्या व्यवहारांचा आणि बोजांचा दाखला, काढा. इथं जाणकार माणसंही फसतात. ईसीत फक्त नोंदणी झालेले व्यवहार येतात. त्याच खोल्या आधी तिघांना बाँडवर विकल्या असतील, तरी ईसी कोरी. म्हणून वकिलामार्फत वर्तमानपत्रात जाहीर नोटीस द्या, मराठी आणि कन्नड दोन्हीत. शेजारच्या खोलीवाल्यालाही विचारा, त्याला बऱ्याचदा सगळं ठाऊक असतं.

भाडेकरू खरा आहे का, हे मीटर सांगतो. हेस्कॉम या वीज कंपनीची मागच्या बारा महिन्यांची बिलं मागा. सरकारच्या मोफत विजेच्या गृहज्योती योजनेमुळं रक्कम शून्य असली तरी वापरलेले युनिट बिलावर छापलेले असतात. दोन वर्षं राहणाऱ्या कुटुंबाच्या मीटरवर महिन्याला तीन-चार युनिट कसे? भाडेकरूशी एजंट नसताना बोला, भाडं कोणाला आणि कसं देतो ते विचारा.

दस्त कन्नडमध्ये असतो आणि आपल्याकडच्या अनेक वडीलधाऱ्यांना कन्नड वाचता येत नाही. सही करण्याआधी आपल्या ओळखीच्या माणसाकडून तो शब्दन्‌शब्द वाचून घ्या. सर्व्हे नंबर, क्षेत्रफळ आणि चतुःसीमा तर दोनदा. जागेच्या व्यवहारात २०,००० किंवा त्याहून जास्त ॲडव्हान्स रोख घेणं आयकर कायद्यानं बंद आहे. तरीही रोखीचा हट्ट धरणाऱ्याला पैशाचा माग राहू द्यायचा नसतो.

पैसे देऊन बसला असाल, तर बाँड, बँकेचं स्टेटमेंट, व्हॉट्सॲपवरचे निरोप जपून ठेवा आणि लेखी तक्रार करा. फसवणूक भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८ मध्ये येते. ‘हे दिवाणी प्रकरण आहे’ म्हणून पोलीस ठाण्यातून परत पाठवलं, तर लेखी तक्रार रजिस्टर पोस्टानं पोलीस अधीक्षकांना किंवा शहरात असाल तर पोलीस आयुक्तांना पाठवा. करारपूर्तीचा दावा लावायला तीनच वर्षं मिळतात: ठरलेल्या तारखेपासून, आणि तारीख ठरली नसेल तर समोरच्यानं नकार दिल्याचं कळल्यापासून. ‘पुढच्या महिन्यात खाता होतोय’ असं सांगत एजंट नेमकी हीच मुदत संपवत असतो. दुसऱ्यांदा टोलवलं की वकिलाची नोटीस धाडा.