पिशवीवर १२० वॉट, उन्हात २५: घडीचं सोलर पॅनल घेताना टेप सोबत ठेवा

कॅम्पिंगसाठी घडीचं सोलर पॅनल घ्यायला निघाला असाल तर खिशात मोजायचा टेप ठेवा. शिंप्याचा कापडी टेपसुद्धा चालेल. आमच्या आकाशदर्शनाच्या गटाची ज्या पॅनलमध्ये फसवणूक झाली, त्याच्या पिशवीवर ठळक अक्षरांत १२० वॉट छापलं होतं आणि भर दुपारी त्यातून २५ वॉटच्या वर काही निघालं नाही. पॅनल नंतर बिघडलेलं नव्हतं. ते मुळात तेवढंच होतं, आणि विकणाऱ्याला हे पक्कं ठाऊक होतं.

आमची गरज आम्ही कागदावर मांडूनच गेलो होतो. दुर्बीण ताऱ्यांमागे फिरवणारी मोटर एका रात्रीत साधारण १०० वॉट-तास खाते (एक वॉट तासभर वापरला की एक वॉट-तास). लाल दिवे ४०, फोन, कॅमेरा आणि लॅपटॉप मिळून ८०. म्हणजे रात्रीला २२० वॉट-तास. साठवायला ३०० वॉट-तासांचं पॉवर स्टेशन, म्हणजे उचलून नेता येणारी मोठी बॅटरी, आमच्याकडे होतंच. हिवाळ्यात आपल्याकडे दिवसभरात मिळून भर उन्हाचे सुमारे पाच तास धरता येतात, आणि उष्णता, धूळ, वायर, चार्जिंग यांत तिसरा हिस्सा जातो. २२० ला आधी पाचने भागायचं आणि मग उरलेल्या ०.६५ ने. उत्तर आलं ६८ वॉट. एखाद्या दिवशी ढग आले तरी निभावं म्हणून १०० च्या आसपासचं पॅनल हवं, असं ठरलं होतं.

नाशिकच्या एका प्रदर्शनात स्टॉलवर '१२० वॉट'चं पॅनल साडेआठ हजारांना मिळालं. पैसे सगळ्यांच्या वर्गणीतले. विक्रेत्याने आमच्यासमोर पॅनल उन्हात धरलं, मल्टीमीटर (व्होल्ट आणि करंट मोजायचं यंत्र) लावला, २१ व्होल्ट दाखवले. मग फोन जोडला, स्क्रीनवर चार्जिंगचं चिन्ह आलं. "बघा, फुल पॉवर!" आजूबाजूच्या चार लोकांनी माना डोलावल्या.

खरी हातचलाखी इथे आहे, म्हणून जरा सविस्तर सांगतो. सिलिकॉनचा सेल नखाएवढा असो की तळहाताएवढा, उघड्या टोकांवर, म्हणजे काही न जोडता, तो साधारण ०.६ व्होल्टच देतो. असे ३६ तुकडे ओळीने जोडले की मीटरवर २१-२२ व्होल्ट दिसणारच, मग तुकडे कितीही छोटे असोत. सेलचा आकार वाढला की वाढतो तो करंट, आणि वॉट म्हणजे व्होल्ट गुणिले करंट. टाकी कितीही उंचावर ठेवा, नळी काडीएवढी असेल तर बादली भरत नाही. स्टॉलवर आम्हाला फक्त टाकीची उंची दाखवली गेली. फोनच्या चार्जिंगचंही तेच: ते चिन्ह पाच वॉटवरसुद्धा येतं.

जानेवारीतल्या अमावास्येला आमचा कॅम्प होता साम्रदला, रतनगडाच्या पायथ्याशी. आकाश स्वच्छ. या दिवसांत तिथे दुपारीसुद्धा सूर्य क्षितिजापासून पन्नासेक अंशांवरच असतो, म्हणून पॅनल आडवं न टाकता दक्षिणेकडे तोंड करून चाळीस अंश तिरकं उभं केलं. पॉवर स्टेशनच्या स्क्रीनवर आकडा आला २५. वायर बदलली, पॅनल पुसलं, कोन बदलला. २४, २५, पुन्हा २४.

दुसऱ्या रात्री आसपासच्या पाड्यांवरची शाळकरी मुलं चालत आली होती. कृत्तिका बघून झाल्या, मृगातला तेजोमेघ बघायला रांग लागली आणि दहाच्या सुमारास पॉवर स्टेशन रिकामं होऊन मोटर थांबली. पृथ्वी तासाला पंधरा अंश फिरते. मोठ्या वर्धनावर मोटर नसेल तर जे बघायचं ते मिनिटभरात नजरेआड जातं. रांगेतल्या निम्म्या मुलांना काहीच दिसलं नाही. साडेआठ हजारांपेक्षा त्याचा राग आजही जास्त आहे.

परत आल्यावर पॅनल मोजलं. घडी उलगडली की चार पाकळ्या, प्रत्येकीवर सेलने भरलेला भाग २६ बाय १६ सेंटीमीटर. चारही मिळून १६६४ चौरस सेंटीमीटर. पॅनलचे वॉट ज्या प्रमाणित उन्हात ठरवतात, त्यात एका चौरस मीटरवर १००० वॉट पडतात. म्हणजे आमच्या पॅनलवर पडणार १६६. बाजारातले चांगले मोनो (एकसंध सिलिकॉन स्फटिकाचे) सेल त्यातले २० ते २३ टक्के विजेत बदलतात, प्रयोगशाळेतला सिलिकॉनचा उच्चांकही २७-२८ टक्क्यांच्या आसपास आहे. तेवढ्या जागेतून १२० वॉट काढायचे तर ७२ टक्के लागतील. असा सेल जगात नाही. सगळं चोख असतं तरी त्या आकाराचं पॅनल ३५-३८ वॉटचं ठरलं असतं.

मग २५ च का? एकेक पाकळी पुठ्ठ्याने झाकून बघितली. पहिल्या तिन्हींपैकी कोणतीही झाकली की आकडा कोसळायचा. चौथी झाकली तर तो हलायचाच नाही. कडेची शिवण उसवून पाहिलं, तर त्या पाकळीतून वायर बाहेर आलेलीच नव्हती. दिसायला सेल, कामाला काही नाही. मागच्या लेबलवर १८ व्होल्ट, ६.६ ॲम्पियर असं ऐटीत छापलेलं. मीटरवर आले १.४ ॲम्पियर. बनवणाऱ्याचं किंवा आयात करणाऱ्याचं नाव लेबलवर कुठेच नव्हतं.

विक्रेत्याला फोन केल्यावर कारणं कशी बदलत गेली तेही ऐका, कारण तुम्हालाही हीच ऐकवली जातील. आधी म्हणाला, ढग असतील. मग, तुमचं पॉवर स्टेशन कमी ओढतंय. मग, १२० हा 'पीक' आकडा आहे, उन्हात कमीच मिळतं. यातलं शेवटचं अर्धवट खरं आहे, म्हणून जास्त घातक. प्रामाणिक १०० वॉटचं पॅनलसुद्धा प्रत्यक्षात ६५ ते ८० वॉट देतं. धूळ आणि वायर यांत काही जातं, शिवाय सेल २५ अंशांच्या वर गेला की दर अंशाला उत्पादन साधारण ०.३५ ते ०.४ टक्क्याने घटतं. म्हणजे घट होते ती चौथ्या किंवा तिसऱ्या हिश्श्याची. १२० चे २५ उष्णतेने होत नाहीत. शेवटी त्याने दीड हजार परत करायची तयारी दाखवली, अट एकच: 'तक्रार नाही' असा मेसेज आधी पाठवायचा. आम्ही नाही म्हटलं. त्यानंतर फोन लागलेला नाही.

तुमच्यासाठी हिशेब असा. सेलने भरलेल्या भागाची लांबी-रुंदी सेंटीमीटरमध्ये मोजा, गुणाकार करा, आणि दर १०० चौरस सेंटीमीटरला दोन वॉट, फार तर सव्वादोन धरा. कापडाची किनार आणि दोन पाकळ्यांमधली फट सोडून द्या. १०० वॉटच्या पॅनलला निदान ४५०० चौरस सेंटीमीटर लागतातच, म्हणजे साधारण ९० बाय ५०. ते पिशवीच्या कप्प्यात मावत नाही, आणि सहसा त्याचं वजन तीन-चार किलोंच्या घरात असतं. हातात किलोभराचं पॅनल देऊन कुणी शंभर वॉट सांगत असेल तर तिथूनच निघा. मल्टीमीटर असेल तर तो १० ॲम्पियरच्या खाचेत लावून पॅनलचा शॉर्ट सर्किट करंट, म्हणजे दोन्ही टोकं थेट मीटरमधून जोडल्यावर वाहणारा करंट, बघा. याने पॅनलला इजा होत नाही. नंतर पाकळ्या एकेक झाकून बघा. जो विक्रेता हे करू देत नाही, त्याच्याकडून घेऊ नका.

पाठीवर छोटं पॅनल लावलेल्या पॉवर बँकेलाही हाच हिशेब लावा. १५ बाय ७ सेंटीमीटरच्या पट्टीतून मिळतात जेमतेम दोन वॉट. आत २०,००० एमएएच, म्हणजे ७४ वॉट-तास. कडक उन्हात सदतीस तास, नुकसान धरलं तर आठवडाभराहून जास्त, आणि तोवर आतली लिथियम बॅटरी उन्हात भाजत राहणार.

आणि एक मनापासून सांगतो. हरिश्चंद्रगडावर किंवा राजमाचीला दोन रात्रींसाठी जाणाऱ्याला पॅनल लागतच नाही. फोन एकदा पूर्ण चार्ज करायला २५ वॉट-तास पुरतात. चांगली पॉवर बँक घरून भरून न्या. पावसाळी ट्रेकला तर पॅनल म्हणजे नुसतं ओझं. चार-पाच दिवस एकाच जागी तळ असेल, दिवे, दुर्बीण, कॅमेरे असतील, तेव्हाच मोठ्या पॅनलचा विचार करा.

बिलाचं सांगायचं राहिलं. आमच्या बिलावर 'सोलर पॅनल, १ नग' एवढंच लिहून दिलं होतं, वॉट कुठेच नाहीत. हे मुद्दाम असतं. बिलावर वॉट, व्होल्ट, ॲम्पियर लिहून मागा. बिलावरचा जीएसटी क्रमांक जीएसटीच्या पोर्टलवर तिथल्या तिथे फोनवरून तपासता येतो; आमच्या बिलावरची नोंदणी आधीच रद्द झालेली निघाली. तरी आम्ही थांबलो नाही. पिशवीचे फोटो, मीटरचे व्हिडिओ, उसवलेली चौथी पाकळी आणि फोन-मेसेजची नोंद जोडून आधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार दिली, मग जिल्हा ग्राहक आयोगात. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याप्रमाणे तक्रार आपण राहतो त्या जिल्ह्यातही करता येते, विक्रेत्याच्या गावी जावं लागत नाही. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला शुल्क नाही, मुदत दोन वर्षांची. आमचं प्रकरण अजून चालू आहे. अशाच काळ्या पिशवीतलं चार पाकळ्यांचं पॅनल कुणाकडे असेल, तर येत्या उन्हात चौथी पाकळी झाकून बघा, आणि आकडा हलला नाही तर बिल व पिशवी टाकून न देता तुमचीही तक्रार नोंदवा.